फोर बाय फोरचे ब्रेक आणि ॲव्हरेजची वही

मृगाच्या दोन सरी पडल्या की हिंगोली जिल्ह्यातल्या पाणंदी ओळखू येत नाहीत. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते, आणि साधी गाडी जागच्या जागी चाक फिरवत बसते. नरसी नामदेवच्या शिवारात, कयाधूच्या काठच्या रानांत ज्यांना रोजचं जाणं-येणं आहे, त्यांच्यासाठी फोर बाय फोर ही हौस राहिलेली नाही. खत-बियाणं न्यायचं, हळदीची पोती रानातून डांबरीपर्यंत काढायची, रात्री-बेरात्री कुणाला हिंगोलीच्या दवाखान्यात पोचवायचं, या सगळ्याला तीच गाडी लागते. कुणाकडं जुनी महिंद्राची जीप, कुणाकडं थार, कुणाकडं फोर बाय फोर बोलेरो कॅम्पर.

अशा गाडीच्या मालकाला विचारा, तो इंजिनची ताकद सांगेल, टायर किती रुंद घातले ते सांगेल. ब्रेकचं शेवटचं काम कधी झालं आणि गाडी लिटरला नेमकी किती चालते, हे सांगता सांगता मात्र अडखळेल. ‘देती दहा-बारा’ एवढंच उत्तर येतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे. चिकटून राहिलेला ब्रेक डिझेल खातो, आणि डिझेलचा हिशोब ठेवणाऱ्याला तो चिकटलेला ब्रेक लवकर सापडतो. म्हणून ब्रेकवर खर्च करायच्या आधी एक साधी वही घाला. कुठला खर्च आधी करायचा आणि कुठला टाळायचा, हे ती वहीच सांगते.

ओढायला चार चाकं, थांबायलाही चारच

एक गैरसमज आधी काढून टाकू. फोर बाय फोर टाकल्यानं गाडीला ओढ मिळते, थांबण्याची ताकद त्यानं वाढत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. उलट फोर बाय फोर गाडी वजनानं जड आणि उंचीनं जास्त, त्यामुळं तिला थांबवणं अवघड. निसरड्या रस्त्यावर फोर बाय फोरमुळं गाडी सहज वेग घेते, चालकाला पकड चांगली असल्याचा भास होतो, आणि ब्रेक मारल्यावर खरी परिस्थिती कळते.

वेगाचं गणित मनात पक्कं असू द्या. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि धड ब्रेक धरले, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत ताशी 40 किलोमीटरला साधारण 9 मीटर लागतात, 60 ला 20 मीटर आणि 80 ला 36 मीटर. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. समोरची म्हैस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद वेगळा. त्या एका सेकंदात 60 च्या वेगानं गाडी जवळजवळ 17 मीटर पुढं गेलेली असते, 80 च्या वेगानं 22 मीटर. म्हणजे 80 ला एकूण 58 मीटर झाले. डांबरीवर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरचा ओला चिखल पडला असेल आणि पकड निम्म्यावर आली असेल, तर नुसतं ब्रेकचं अंतर 72 मीटरवर जातं. अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्ग 161 वर, कनेरगाव नाक्यापासून हिंगोली, कळमनुरी, वारंगा फाट्यापर्यंत, जोडरस्त्यावरून अचानक पुढ्यात येणारी वाहनं आणि जनावरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या मीटरांची किंमत वेगळी सांगायला नको.

वही कशी ठेवायची

ॲव्हरेज काढायची खात्रीची रीत एकच: टाकी फुल ते टाकी फुल. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजाला ठीक, पण हिशोबाला टाकीच धरायची.

पंपावर गाडी सपाट जागी उभी करा. नोझल आपोआप बंद होईल तिथं थांबा. त्यानंतर ‘राउंड फिगर करा’ म्हणून आणखी ओतायला सांगू नका. मीटरचा आकडा त्याच वेळी लिहा. पुढच्या खेपेला शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर, तसंच नोझल बंद होईपर्यंत भरा. आता जेवढे लिटर बसले, तेवढे मधल्या अंतरात जळाले. समजा मागच्या वेळी मीटर 84,210 होता, आता 84,692 आहे, आणि 41.2 लिटर डिझेल बसलं. 482 किलोमीटर भागिले 41.2, म्हणजे लिटरला 11.7.

एका भरण्यावरून निष्कर्ष काढू नका. टाकीत हवा राहते, गाडी कधी थोडी कलती उभी असते, त्यामुळं एखाद्या वेळचा आकडा फसवा निघतो. सलग तीन-चार भरण्यांचे एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर घेऊन सरासरी काढा. थोडं थोडं डिझेल टाकायची सवय असेल, तर प्रत्येक वेळचे लिटर लिहून ठेवा आणि टाकी फुल होईल त्या दिवशी बेरीज करा.

वहीत तारीख, मीटर, लिटर आणि रुपये हे चार रकाने हवेतच. फोर बाय फोरवाल्यानं आणखी चार घालावेत: डांबरीवर किती आणि रानात किती चाललो, ओझं काय होतं, टायरची हवा किती, आणि फोर बाय फोरमध्ये अंदाजे किती किलोमीटर. शेवटी शेऱ्याची जागा ठेवा. ‘लायनर बदलले’, ‘एअर फिल्टर साफ’, ‘मागचं डावं चाक गरम’ अशा नोंदी तिथं येतील. हे रकाने नसतील तर पेरणीच्या महिन्यातलं ॲव्हरेज आणि उन्हाळ्यातलं ॲव्हरेज तुम्ही एकाच मापानं मोजाल आणि गाडीला उगाच दोष द्याल. लो गिअरमध्ये चिखलातून ओढत नेलेली गाडी कमीच चालणार. तुलना करायची तर डांबरीची डांबरीशी करा.

टायरचं माप बदललं असेल तर मीटर खोटं बोलतो. पहिल्या पिढीच्या थारचा मूळ टायर 235/70 आर 16, व्यास साधारण 735 मिलिमीटर. त्या जागी 245/75 आर 16 घातला की व्यास 774 होतो. चाक एका फेऱ्यात 5 टक्क्यांहून जास्त अंतर कापतं, पण मीटर जुन्याच हिशोबानं मोजतो. वरच्या उदाहरणातले 482 किलोमीटर खरे म्हणजे 507 भरतात, आणि ॲव्हरेज 11.7 ऐवजी 12.3 येतं. मोठे टायर घालून ‘ॲव्हरेज पार पडलं’ म्हणणाऱ्यांनी आधी ही दुरुस्ती करून पाहावी. स्पीडोमीटरही तेवढाच कमी दाखवतो, हे ब्रेकच्या दृष्टीनं जास्त गंभीर आहे. काटा 80 वर असतो तेव्हा गाडी 84 नं पळत असते. महामार्गावरचे किलोमीटरचे दगड किंवा मोबाइलवरचा जीपीएस घेऊन 20 किलोमीटरला फरक किती पडतो ते एकदा काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पंपावरच्या मापाची शंका आली तर भांडण्याचं कारण नाही. प्रत्येक पंपावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेलं 5 लिटरचं माप असतं आणि ग्राहकाला ते भरून दाखवायला सांगता येतं.

ॲव्हरेज पडलं, आता कुठं बघायचं

समान रस्ता, समान ओझं असताना सलग दोन-तीन भरण्यांत ॲव्हरेज दहा टक्के खाली आलं, तर गाडी काहीतरी सांगते आहे. इंजेक्टर-पंपाच्या महागड्या कामाला हात घालायच्या आधी फुकटातल्या तपासण्या करून घ्या. पहिली टायरच्या हवेची, सकाळी टायर थंड असताना. दुसरी एअर फिल्टरची. आपल्याकडं मळणीच्या दिवसांत तो आठवड्यात भरतो. तिसरी ब्रेक कुठं धरून बसलाय का याची.

ही तिसरी तपासणी अशी करा. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर जा, ब्रेकचा वापर कमीत कमी ठेवा, आणि शेवटी गाडी वेग ओसरू देऊन थांबवा. खाली उतरून प्रत्येक रिमजवळ हात न्या. डिस्कला किंवा ड्रमला हात लावू नका, भाजेल. एकाच ॲक्सलच्या दोन चाकांत एक कोमट आणि दुसरं चांगलं तापलेलं असेल, तर तापलेलं चाक धरतंय. मग गाडी सपाट जागी घ्या, उरलेल्या चाकांना पुढं-मागं दगड लावा, टू व्हील आणि न्यूट्रलमध्ये टाका, संशयित चाक जॅकवर उचला आणि हातानं फिरवा. मागचं चाक असेल तर हँडब्रेकही सोडा. चाक थोडं घासत का होईना, सहज फिरायला हवं. दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर दुखणं सापडलं.

आपल्या भागात या दुखण्याचं मूळ बहुतेकदा चिखलात असतं. मिस्त्रीनं पावसाळ्यानंतर मागचा ड्रम हातोडीनं ठोकून काढला की आत काय निघतं ते जवळ उभं राहून बघा. बॅकप्लेटवर काळी माती सुकून कठीण झालेली असते, शूची स्प्रिंग तिच्यात अर्धी गाडली गेलेली असते, ॲडजस्टर जागेवर गंजलेला असतो आणि लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालेला असतो. ती स्प्रिंग शू मागं ओढणार कशी? शू ड्रमला चिकटून राहतो, तापतो, लायनरला चकाकी येते आणि चकाकी आलेला लायनर नीट धरत नाही. एकाच वेळी डिझेलही जास्त जातं आणि ब्रेकही कमी लागतो.

पुढच्या डिस्कला हेच दुखणं कॅलिपरच्या पिनांवर होतं. पिनेचं रबर फाटलं की गाळ आत जातो, कॅलिपर सरकेनासा होतो, आणि आतला पॅड झिजून पत्र्याला लागला तरी बाहेरचा पॅड नवा दिसतो. तिसरी जागा रबरी होजची. जुना होज आतून फुगला की पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढं जातं, पण पाय काढल्यावर चटकन परत येत नाही. बाहेरून तो धडधाकट दिसतो, म्हणून नेमका सुटतो. चौथी जागा पेडलची: पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या दांड्यात थोडी मोकळीक नसेल, तर चारही चाकं कायम हलकी दाबलेली राहतात.

या धरण्याची किंमत किती? महिन्याला 1,200 किलोमीटर चालणारी गाडी 11.7 वरून 10.3 वर आली, तर जवळपास 14 लिटर जास्त जळतात. लिटरला 90 रुपये धरले तरी महिन्याला सुमारे 1,250 रुपये होतात. चारही चाकं उघडून साफ करण्याची मजुरी यातून लवकरच वसूल होते.

सुधारणेआधी दुरुस्ती

‘ब्रेक अपग्रेड करायचेत’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना खरं तर मूळ ब्रेक पूर्ववत करण्याचीच गरज असते. कंपनीनं दिलेले ब्रेक धड स्थितीत असतील तर कंपनीच्या टायरवर, ठरलेल्या ओझ्यात ते पुरतात. म्हणून आधी पुढची कामं करून घ्या आणि मग गाडी चालवून बघा.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान 205 अंश असतो, पाणी मुरल्यावर तो 140 पर्यंत उतरतो; डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. औंढ्याकडच्या उतारावर भरलेली गाडी सतत ब्रेक दाबून उतरवली की पाणी मुरलेलं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. झाकणावर जी प्रत लिहिली आहे तीच घाला. डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालतं, पण सिलिकॉनचं डॉट 5 त्यात मिसळू नका. आणि अडचणीत असलात तरी ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतू नका. सगळी रबरं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून पूर्ण काम निघतं.

पॅडचा मसाला 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदला. डिस्कवर किमान जाडी आणि ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. मिस्त्रीला व्हर्नियर लावून मोजायला सांगा. त्या मापाच्या पलीकडं गेलेली डिस्क लेथवर आणखी पातळ करून घेऊ नका. मागच्या ॲक्सलचं सील गळून हाउसिंगचं ऑइल लायनरवर आलं असेल तर लायनर धुऊन परत बसवू नका. सील आणि लायनर दोन्ही नवे घाला, आणि लायनर नेहमी दोन्ही बाजूंचे जोडीनं बदला. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेक मारताना ओढते.

बूस्टरची परीक्षा घरच्या घरी होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट होईल. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली जायला हवं. गेलं नाही तर बूस्टर, व्हॅक्यूमची नळी किंवा व्हॅक्यूम पंप यांपैकी एकात दोष आहे.

ड्रम उघडल्यावर धूळ हवेच्या पाइपनं उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते श्वासावाटे फुप्फुसात गेलेलं बाहेर निघत नाही. पाण्यानं ओलं करून पुसणं मिस्त्रीच्याही हिताचं आहे. त्याला तसं आवर्जून सांगा.

पैसे लावायचे तर या क्रमानं

इतकं झाल्यावरही ब्रेक कमी वाटत असतील, तर पहिला पैसा टायरला लावा. ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो. मोठ्या गठ्ठ्यांचे मड टेरेन टायर चिखलात उत्तम, पण ओल्या डांबरीवर त्यांची पकड कमी आणि ओढण्याचा त्रास जास्त. महिन्यातला बहुतांश प्रवास डांबरीवर होत असेल तर ऑल टेरेन टायर घ्या. ब्रेकलाही फायदा आणि ॲव्हरेजलाही. वहीतला ‘डांबरीवर किती, रानात किती’ हा रकाना इथं निर्णय करून देतो. माप वाढवायचा मोह आवरा. टायरची त्रिज्या 5 टक्क्यांनी वाढली की तेवढ्याच पायाच्या जोरात जमिनीवर मिळणारा ब्रेक जवळपास 5 टक्क्यांनी घटतो.

दुसरा पैसा चांगल्या प्रतीच्या पॅडला आणि लायनरला. खोक्यावरची छपाई, किंमत आणि कंपनीचं सुरक्षा चिन्ह तपासून, बिल घेऊनच माल घ्या. तिसरा पैसा होजला. दहा-बारा वर्षांच्या गाडीचे सगळे रबरी होज बदलले की पेडलचा स्पंजासारखा लवचीकपणा बऱ्याचदा तेवढ्यानंच जातो.

मोठी डिस्क, जास्त पिस्टनचा कॅलिपर ही त्यानंतरची गोष्ट. थांबताना गाडीचं वजन पुढं येतं, त्यामुळं ब्रेकचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढची चाकं करतात. 2020 मध्ये आलेल्या थारलाही पुढं डिस्क आणि मागं ड्रमच आहेत. मागच्या ड्रमला डिस्क करण्यात पैसा घालण्याआधी पुढचे ब्रेक पूर्ण क्षमतेनं चालतात का ते बघा.

जुन्या महिंद्रा जीपची गोष्ट वेगळी. तिच्या चारही चाकांना ड्रम असतात, कित्येकींना बूस्टरही नसतो. तिथं पुढच्या चाकांना डिस्क आणि जोडीला बूस्टर ही खरी सुधारणा ठरते, कारण ओढ्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी राहतं आणि डिस्क दोन-चार फेऱ्यांत कोरडी होते. पण हे काम सुटे भाग आणून जोडण्यावर संपत नाही. डिस्कच्या कॅलिपरला ड्रमच्या सिलिंडरपेक्षा जास्त ऑइल लागतं, म्हणून मास्टर सिलिंडरचं माप जुळवावं लागतं. जुन्या ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखून ठेवणारा एक व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो हवा असतो, डिस्कच्या वाटेवर राहिला तर पॅड कायम घासत राहतात आणि ॲव्हरेज पडतं. मिस्त्रीला ‘तो व्हॉल्व्ह काढलात का?’ हे विचारायला विसरू नका. पुढचा ब्रेक एकदम वाढला की पुढचं-मागचं प्रमाणही बदलतं, ते जुळवून घ्यावं लागतं. अशी कामं नेहमी करणाऱ्या, त्याच प्रकारची गाडी तुम्हाला चालवून दाखवू शकणाऱ्या कारागिराकडंच जा.

बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ ओझ्यानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. पाटे वाढवून गाडी उंच केली की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि पोत्यांनी भरलेली असतानाही तो मागचा ब्रेक कमीच ठेवतो. गाडी उंच केली असेल तर ही दांडी जुळवून घ्या.

नवे पॅड बसवल्यावर लगेच भार टाकू नका. मोकळ्या रस्त्यावर 50 वरून 10 पर्यंत वेग कमी करण्याचं काम आठ-दहा वेळा करा, प्रत्येक वेळी मध्ये किलोमीटरभर ब्रेक न लावता गाडी थंड होऊ द्या. पहिले काही दिवस जोरात दाबणं टाळा. मग रिकाम्या, कोरड्या, सपाट गावरस्त्यावर, दोन्ही बाजूंना माणूस उभा करून, 40 च्या वेगाला ठरलेल्या खुणेवर ब्रेक मारा आणि थांबण्याचं अंतर टेपनं मोजा. सुधारणेआधीचं आणि नंतरचं अंतर वहीत शेजारी-शेजारी लिहा. खर्चाचा उपयोग झाला की नाही, हे त्या दोन आकड्यांवरून कळतं.

कागदपत्रांची बाजू

कंपनीच्याच मापाचे पॅड, लायनर, डिस्क, होज बदलणं ही दुरुस्ती आहे. गाडीचा मूळ तपशील बदलेल असं काम मात्र कायद्याच्या कक्षेत येतं. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच अधोरेखित केलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या जीपला डिस्क किंवा बूस्टर घालायचा असेल तर काम सुरू करण्याआधी हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर विम्याचा दावा अडकला तर न विचारता वाचवलेले दोन दिवस फार महाग पडतात.

चालवणाऱ्याच्या हातात काय

आषाढात परतवारी एकादशीला नरसीला वारकऱ्यांची रीघ लागते. त्या दिवसांत नरसीच्या रस्त्यावर गाडी न्यायचीच असेल तर ॲव्हरेजचा विचार सोडून द्या. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकच्या जवळ ठेवून चला. पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हॉर्न देऊन बाजूला करण्यापेक्षा थांबणं चांगलं.

उताराला ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनचा ब्रेक पॅडला वाचवतो आणि डिझेलही जवळजवळ लागत नाही, कारण गिअरमध्ये उतरताना आधुनिक इंजिन इंधन बंद करतं. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचतं हा समज खोटा आणि जीवघेणा आहे. ओढा ओलांडल्यावर हळू चालत पेडल हलकं दाबून ब्रेक कोरडे करा, धरतात याची खात्री झाल्यावरच वेग घ्या. कयाधूला पूर आलेला असताना पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी फोर बाय फोर असली तरी पलीकडं जाऊ नका. दोन फूट वाहतं पाणी जड गाडीही उचलतं.

चिखल संपून डांबरी लागली की लगेच टू व्हीलमध्ये या. आपल्याकडच्या बहुतेक फोर बाय फोर गाड्यांत पुढचा आणि मागचा ॲक्सल यांच्या मधोमध डिफरन्शिअल नसतो. डांबरी वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण ट्रान्सफर केसवर येतो, टायर घासतात आणि डिझेल जळतं. एबीएस असलेल्या गाडीत आणीबाणीला पेडल पूर्ण दाबून धरा, पायाखाली थरथर जाणवली तरी सोडू नका. एबीएस नसेल तर चाक जाम होताच पाय किंचित सैल करून पुन्हा दाबा. जाम झालेलं चाक वळत नाही.

जुन्या जीपवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिचा हँडब्रेक बऱ्याचदा चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागं, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की तो गाडी धरत नाही. पंक्चर काढताना चाकांना दगड लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका, मुलांनाही जवळ उभं राहू देऊ नका.

या आठवड्यात काय कराल

शंभर पानी वही आणि हवा मोजायचं साधं मीटर घ्या. पहिल्या दिवशी टाकी फुल करून आकडा लिहा, टायरच्या मापाची दुरुस्ती पहिल्या पानावर टाका. येत्या रविवारी चारही चाकांची उष्णता बघा. दसऱ्याच्या आत, म्हणजे चिखल सुकून कठीण होण्याआधी, चारही ड्रम-कॅलिपर उघडून धुऊन घ्या, ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख डबीवर चिकटवा. मोठ्या खर्चाचा निर्णय पुढच्या तीन भरण्यांचे आकडे हाती आल्यावर घ्या. आणि गाडी घरातलं दुसरं कुणीही चालवत असेल, मुलगा असो की सून, तर वही गाडीतच ठेवून त्यांनाही नोंद करायला शिकवा. ब्रेक कमजोर झाल्याचं चालवणाऱ्याच्या पायाला सर्वांत आधी कळतं, आणि ते त्यानं त्याच दिवशी लिहून ठेवलं तर दुरुस्ती वेळेत होते.